‘ठाऊक नाही’ म्हणणारे डॉक्टर

“ठाऊक नाही,” असं सांगताना ज्याचा चेहरा खुलायचा असा एकच माणूस मी आयुष्यात पाहिला, आणि तो डॉक्टर होता.

तुमच्या-माझ्या पाहण्यातले डॉक्टर कसे असतात? जीभ बघतात, नाडी धरतात, ‘हं’ म्हणतात आणि चिठ्ठी लिहितात. निम्मा आजार त्या ‘हं’नेच पळतो. आमचे डॉक्टर पेशंटची खालची पापणी अंगठ्याने हलकेच ओढून बघायचे, हातापायांची हाडं एकेक चाचपायचे, लहानपणापासूनचं सगळं विचारायचे, आणि एवढं झाल्यावर मान वर करून प्रसन्नपणे म्हणायचे, “ठाऊक नाही. बघू या.”

मी तेव्हा डहाणूत एका दवाखान्यात नर्स होते. महाराष्ट्र राज्य होऊन वर्ष-दोन वर्षं झाली असतील. मुंबईहून एक डॉक्टर येणार, दुर्मीळ आजारांवर संशोधन करणार आणि मी त्यांच्या हाताखाली काम करायचं, असं कळलं तेव्हा मी मुद्दाम नवं पातळ नेसून गेले होते. पहिल्याच दिवशी तलासरीहून आलेल्या एका म्हातारीला त्यांनी आपलं ते ‘ठाऊक नाही’ ऐकवलं. म्हातारी माझ्याकडे वळली.

“याला ठाव नाय, तं याला खुर्ची कोनी दिली?”

बाकावरची सगळी माणसं हसली. डॉक्टर सगळ्यांत जास्त हसले. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ते आले तेव्हा त्यांच्याबरोबर एक ट्रंक होती आणि गोधडीत गुंडाळलेली एक लाकडी पेटी. ट्रंक त्यांनी एस.टी.च्या टपावर टाकू दिली, पेटी मात्र स्टेशनपासून मांडीवर घेऊन बसले. शेजारच्या बाईने विचारलं म्हणे, “बाळ किती महिन्यांचं?” पेटीत सूक्ष्मदर्शक होता. दवाखान्यामागच्या खोलीत उगवतीच्या खिडकीशी त्यांनी तो मांडला आणि स्वतःची खाट तिथून हलवून काळोख्या कोपऱ्यात सरकवली. संसार असा काही नव्हताच.

मी चिंचणीची. माझी आई डोक्यावर टोपली घेऊन मासे विकायची आणि गिऱ्हाइकाला दोन शब्द जास्तच ऐकवायची. तो गुण माझ्यात पुरेपूर उतरलाय. चार दिवस मी गप्प राहिले आणि पाचव्या दिवशी विचारलंच, “डॉक्टर, ठाऊक नसलं तरी तसं सांगायला हवं का? लोकांचा विश्वास उडतो.”

“आणि ठाऊक नसताना ठाऊक आहे म्हटलं, तर काय उडेल?” त्यांनी विचारलं, आणि काचपट्ट्या पुसत राहिले.

आईला मी त्यांचा हा किस्सा सांगितला. “मंग काय कामाचा तो?” असं म्हणून तिने त्यांच्यासाठी सुक्या बोंबलांची जुडी पाठवली. त्यांनी ते बोंबील डोकी न काढता, न धुता, सरळ निखाऱ्यावर ठेवले. वासाने अर्धी गल्ली जमा झाली. “हे कसं करतात?” त्यांनी मला विचारलं. “ठाऊक आहे!” मी जोरात म्हटलं. त्या दिवसापासून आमचं जमलं.

ज्या आजारासाठी ते आले होते त्याचं नाव इकडे कुणी ऐकलेलं नव्हतं, दुखणं मात्र पाड्यापाड्यावर होतं. वर्षभराच्या पोरांचे पंजे सुजायचे. मोठ्यांची हाडं अशी ठणकायची की धट्टाकट्टा माणूस जमिनीवर लोळायचा. डोळे पिवळट दिसायचे. चार दिवसांनी माणूस उठून कामाला लागायचा, आणि पुन्हा कधीतरी आडवा व्हायचा. कुणी त्याला वात म्हणायचं, कुणी बाहेरची बाधा.

“मुंबईत याला दुर्मीळ म्हणतात,” डॉक्टर सांगायचे. “दुर्मीळ म्हणजे काय, तर आम्ही कधी इकडे फिरकलो नाही.”

डहाणूचे एक वाडीवाले शेठ होते. चिकूची वाडी आणि वर भाताची शेती. ते आपल्या गुजरातीमिश्रित मराठीत डॉक्टरांना म्हणाले, “डाक्टरसाहेब, या लोकांचा रोग मला पूछो ने! आवण आली का यांचे पाय दुखते. आवण संपली का पाय बरे. बहाणां, बीजूं काय नाय.” आवण म्हणजे भाताची लावणी. दुसरा कोणी असता तर शेठशी वाद घातला असता. यांनी खिशातून वही काढली. “आवणातच दुखतं? नक्की? पाण्यात उभं राहिल्यावर की नंतर?” शेठ बिचारे गोंधळले. टोमणा मारायला आलेला माणूस तासभर साक्ष देऊन गेला. गार पाण्यात तासन्तास उभं राहणं या आजाराला सोसत नाही, हे डॉक्टरांच्या वहीत पहिल्यांदा शेठच्या तोंडून लिहिलं गेलं.

काम असं चालायचं. सोमवारी तलासरीकडचे पाडे, गुरुवारी रानशेत. घरोघर बोटाला टोचून एक थेंब काचपट्टीवर घ्यायचा, त्यात रोज ताजी विरघळवलेली एका पांढऱ्या भुकटीचं पाणी मिसळायचं, वर पातळ काच ठेवून कडा व्हॅसलीनने बंद करायच्या आणि पट्टी हवा लागू न देता ठेवून द्यायची. मग खिडकीच्या उजेडात बघायचं. चांगलं रक्त असेल तर त्यातले कण गोल राहतात. आजार असेल तर ते वाकतात. त्यांनी मला पहिल्यांदा दाखवलं तेव्हा मी म्हटलं, “हे तर विळे!” आजाराचं इंग्रजी नावही विळ्यावरूनच पडलंय म्हणे; ते इतके खूश झाले की मला वाटलं मीच शोध लावला.

पण थेंब द्यायला कोणी तयार नव्हतं. डॉक्टर रक्त पुलाच्या पायात घालतात, अशी आवई उठली होती. त्यावर त्यांनी एक उपाय काढला. प्रत्येक घरात आधी स्वतःच्या बोटाला टोचून घ्यायचं, थेंब दाखवायचा, मग दुसऱ्याचा मागायचा. आठवड्याभरात त्यांची बोटं चाळणी झाली. मी ओरडले, “अहो, किती टोचाल?”

“दहा आहेत,” ते म्हणाले.

आता नावांचं सांगते, कारण पुढचं सगळं तिथेच अडलं. पाड्यांवर पोर ज्या वारी जन्मलं त्या वारावरून नाव ठेवायची रीत. सोमवारचा सोमा, मंगळवारचा मंगळ्या, बुधवारची बुधी, शुक्रवारचा शुक्र्या. वार सात आणि पाडे अगणित. डॉक्टरांनी म्हणून नियमच घातला होता: नाव, नवऱ्याचं नाव, आईबाप, गाव, पाडा, आणि घराची काही खूण. यातलं एकही गाळायचं नाही.

मी गाळलं. रानशेतला ज्येष्ठातल्या एका गुरुवारी पाऊस लागला होता, रजिस्टर ओलं होत होतं, डॉक्टर तापाने खोलीवर होते आणि मी एकटी दोन पाडे उरकत होते. लिहिलं, ‘बुधी, सोमाची बायको, रानशेत.’ तासाभराने खालच्या पाड्यावर पुन्हा लिहिलं, ‘बुधी, सोमाची बायको, रानशेत.’ मनात म्हटलं, मला आठवेल. पट्ट्या बघितल्या तेव्हा एकीत विळे होते, एकीत नव्हते. कुठली कुणाची, हे मी आठवणीने लिहिलं. आणि उलटं लिहिलं.

वरच्या पाड्याची बुधी पोटुशी होती, आठवा लागलेला. पुढच्या गुरुवारी ती पाय धरत आली. हाडं दुखतात म्हणाली. डॉक्टरांनी रजिस्टर बघितलं, माझं अक्षर वाचलं, आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “ठाऊक आहे. तुझं रक्त चांगलं आहे. पोटुशीचे पाय दुखतातच. जा घरी.”

मला इतकं बरं वाटलं! वाटलं, शिकले एकदाचे. बुधीलाही बरं वाटलं. डॉक्टरनेच काही नाही म्हटलंय तर बसून कसं राहायचं, म्हणून ती लावणीला गेली.

चूक उघडकीला आली ती खालच्या पाड्याच्या बुधीमुळे. डॉक्टर तिला जपून राहायला सांगायला गेले. मी पाठोपाठ होतेच. बाई डोक्यावर हा एवढा लाकडाचा भारा घेऊन चढण चढत होती, तोंडाने गाणं. डॉक्टरांनी तिला थांबवून पापणी ओढली. डोळा पांढरास्वच्छ. लहानपणापासून कधी हाडं दुखली? “माझी? माझ्या नवऱ्याची दुखतंत, काम सांगतलां का.” डॉक्टर एका दगडावर बसले. मग माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, “रानशेतला बुधी किती आहेत?”

मी भर पावसात रडायला लागले. ते उठले. “रडणं मागाहून. वरचा पाडा कुठून जवळ पडतो?”

बुधी झोपडीत पडली होती. पाच दिवस पाण्यात उभी राहिली होती. कण्हायलाही तिला धाप लागत होती, आणि डोळे हळदीसारखे पिवळे. सासूने भगताला बोलावलं होतं. तो सुपात तांदळाचे दाणे मांडून बसला होता. आई आणि पोटातलं मूल, दोघंही हातची जाणार हे मला स्पष्ट दिसत होतं, आणि ते मी केलं होतं.

डॉक्टर तिच्याजवळ जमिनीवर बसले. झोपडीत दहा-बारा माणसं होती. सगळ्यांना ऐकू जाईल असं ते म्हणाले, “बुधी, मी तुला चुकीचं सांगितलं. तुझ्या रक्तात आजार आहे. मी म्हटलं ठाऊक आहे, पण मला ठाऊक नव्हतं. चूक माझी. आता माझ्याबरोबर दवाखान्यात चल.”

सासू ताडकन उठली. “एकदा चुकलास ना? मंग आता कशी देऊ तुला? भगत तं कधी चुकला नाय!”

म्हाताऱ्या भगताने सुपातले दाणे एकत्र केले. बराच वेळ तो डॉक्टरांच्या टोचलेल्या बोटांकडे बघत होता. मग म्हणाला, “चुकतों मी पन. बोलत नाय कधी. हा बोलते. याच्या संगती धाड तिला.”

बांबूला घोंगडी बांधून झोळी केली. रस्त्यापर्यंत चार जणांनी आणली. पुढे निरोप गेला तो थेट शेठकडे, आणि ‘बहाणां’वाले शेठ स्वतः जीप हाकत आले. बुधीला बघून त्यांनी डोक्यावरची टोपी काढून सीटवर ठेवली आणि जीप डहाणूकडे वळवली.

तिचं अंग गरम ठेवायचं, घोटघोट पाणी पाजत राहायचं, दुखणं थांबायला इंजेक्शन. पण दुसऱ्या दिवशी तिचं रक्त फारच उतरलं. दुसऱ्याचं रक्त चालतं का, ते काचेवर थेंब मिसळून बघतात. नवऱ्याचं चाललं नाही, माझं नाही, डॉक्टरांचं नाही. पाड्यावरची माणसं दारातच थांबली होती; सुईचं नाव काढलं की मागे सरायची. त्यांना बाजूला सारत एक बाई पुढे आली आणि तिने हात लांब केला. खालच्या पाड्याची बुधी.

“माझाच नाव, माझाच नवऱ्याचा नाव. रगत कसा नाय चालनार?”

आता हे काही शास्त्र नव्हे. पण चाललं! डॉक्टरांनी तीनदा तपासलं, तरी चाललं. रक्त दिल्यावर तिने साखर घातलेला चहा मागितला, आणि मग आपलं रक्त बघायचं म्हणून हट्ट धरला. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून ती बराच वेळ बघत राहिली. “नाचनीचं दानं हायत,” तिने निकाल दिला. “मला वाटलां, काय तरी मोठा असल.”

शुक्रवारी बुधी बाळंत झाली. मुलगा, लहानखुरा, पण आवाज खणखणीत. तिसऱ्या दिवशी बुधी उठून बसली आणि तिने भाकरी मागितली. मी बाहेर जाऊन पुन्हा रडले. या वेळी कुणी अडवलं नाही.

डॉक्टर व्हरांड्यात बसले होते. मी त्यांना म्हटलं, “तिथे सगळ्यांसमोर तुम्ही माझं नाव का नाही घेतलंत? रजिस्टर मी लिहिलं होतं.”

“रजिस्टर तुम्ही लिहिलंत,” ते म्हणाले. “‘ठाऊक आहे’ मी म्हटलं.” मग हसून म्हणाले, “चला, नोंद करा. अजून एक शुक्र्या आला.”

मी लिहिलं: ‘शुक्र्या, बुधी आणि सोमा यांचा मुलगा, रानशेत, वरचा पाडा, मोहाच्या झाडाला लागून घर, दाराशी बांडा कुत्रा, आजी भांडखोर.’ त्यांनी ते वाचलं आणि इतके हसले की कंपाउंडर धावत आला.

त्यानंतर डॉक्टर चिठ्ठ्या देऊ लागले. एकच ओळ, ‘हिला पाण्यात उतरवू नये.’ शेठने त्या मानल्या. ज्यांच्याजवळ चिठ्ठी असेल त्यांना ते बांधावर बसवून रोपांच्या मुठी बांधायला लावायचे. कोणी कुरकुर केलीच तर म्हणायचे, “बहाणां नथी. मी बघितलंय.” बाकीच्या वाडीवाल्यांना त्यांनी हे शहाणपण आपलंच म्हणून सांगितलं. सांगू देत बापडे.

दुसऱ्या वर्षी काम संपलं. डॉक्टरांनी सगळं एका लेखात लिहिलं. तो इंग्रजीत होता. मला मराठीत समजावून सांगितला. त्यात बुधीच्या बाळंतपणाचा भाग होता आणि चुकीचाही होता. मुंबईच्या वरिष्ठांनी चूक काढून टाका म्हणून कळवलं. यांनी काढली नाही. “पुढचा माणूस पाडा लिहायला विसरणार नाही,” एवढंच म्हणाले.

निघायच्या दिवशी स्टेशनवर बरीच मंडळी आली होती. शेठने चिकूची करंडी आणली, आईने बोंबील पाठवले, या वेळी डोकी काढून. बुधी पोराला कडेवर घेऊन आली होती. “परत कवा येशील?” तिने विचारलं. त्यांनी शुक्र्याची खालची पापणी अंगठ्याने हलकेच ओढून बघितली. “ठाऊक नाही,” ते म्हणाले. त्या वेळी चेहरा खुलला नव्हता. पेटी मांडीवर घेऊन ते गाडीत बसले.

ते परत आले नाहीत. पण दर वर्षी आषाढात त्यांचं जोडकार्ड यायचं. एका अर्ध्यावर एकच ओळ, ‘बुधीचं कसं आहे?’ आणि दुसरं अर्धं कोरं, त्यावर त्यांचा पत्ता आधीच लिहिलेला. मी रानशेतला जाऊन बुधीला बघायचे, पापणी ओढायचे आणि उत्तर लिहायचे. ‘बरी आहे. एकदाच दुखलं, चार दिवस.’ ‘बरी आहे. शुक्र्या चालायला लागला.’ ‘बरी आहे. सासू वारली, आता घरात शांतता आहे.’ पाच-सहा वर्षं हे चाललं. वर्षातलं तेवढं एक काम मी कधी चुकवलं नाही.

मग एका आषाढात कार्ड आलं नाही. मी वाट बघितली. लावणी संपत आली. तेव्हा रानशेतला गेले. बुधी बांधावर बसून मुठी बांधत होती, आणि शुक्र्या त्या मुठी पाण्यातल्या बायकांना नेऊन देत होता. आईने एक पाय खाली सोडला की तो ओरडायचा, “पाय वर घे!” डोळा बघितला. जरासा पिवळट, नेहमीइतकाच.

परत येऊन मी पोस्टातून साधं कार्ड घेतलं आणि पत्ता पाठ होता तो लिहिला. ‘बुधी बरी आहे. पोरगा तिला पाण्यात उतरू देत नाही.’ खाली नाव, गाव, पाडा, मोहाचं झाड, सगळं लिहिलं.

पोस्टमास्तर ओळखीचे. कार्ड उलटसुलट करून म्हणाले, “बाई, यंदा त्यांचं तर काही आलं नाही. मग हे उत्तर कशाचं? माणूस तिथे आहे तरी का?”

“ठाऊक नाही,” मी म्हटलं. “बघू या.”